बाद पुस्तकांचा इतिहास

पुस्तक ग्रंथालयात कसे आले, हे दाखल नोंदवहीत सविस्तर लिहिलेले असते: तारीख, विक्रेता, किंमत, दाखल क्रमांक. ते ग्रंथालयातून कसे गेले, याची नोंद त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात, बहुधा लाल शाईने, एका शब्दात उरकते: ‘बाद’. या कामाला ग्रंथालयाच्या परिभाषेत ग्रंथछाटणी म्हणतात आणि सरकारी कागदांत निर्लेखन. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या ग्रंथालयांत छाटणी आणि संदर्भसेवा ही कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे येतात. सकाळी टेबलाशी बसून विद्यार्थ्याला हवा तो ग्रंथ शोधून द्यायचा आणि दुपारी रॅकमध्ये शिरून नको असलेले ग्रंथ उतरवायचे. हा माणूस अनेकदा अर्धवेळ असतो. दोन्ही कामे दुय्यम मानली गेल्याने त्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात ग्रंथसंग्रहाचे बरेवाईट याच दोन कामांवर ठरत आले आहे.

पॅरिसच्या सोर्बोन महाविद्यालयात १२८९ मध्ये संग्रहाचे दोन भाग करण्यात आले. मोठ्या दालनात सर्वांना सतत लागणारे ग्रंथ साखळीने मेजाला बांधून ठेवलेले असत. छोट्या दालनात जादा प्रती आणि क्वचित लागणारे ग्रंथ असत, ते उसने नेता येत. पुढच्या वर्षीच्या यादीत ग्रंथांची संख्या १,०१७ होती, म्हणजे आजच्या एखाद्या शाळेच्या दोन-तीन कपाटांत मावेल एवढी. तरीही निवड करावी लागलीच. प्रत्येक विषयावरचा उत्तम ग्रंथ साखळीच्या दालनात असावा, असा नियम १३२१ मध्ये झाला. वाचकाला काय लागते यावरून ग्रंथाची जागा ठरवण्याचे हे जुने उदाहरण आहे. यात टाकून कोणताच ग्रंथ दिला जात नव्हता. हस्तलिखिताची किंमत एवढी होती की तसा विचारही कोणाला परवडला नसता.

ऑक्सफर्डमध्ये मात्र पुस्तके टाकली गेली. सहाव्या एडवर्डच्या काळात, १५५० मध्ये, राजाच्या आयुक्तांनी जुन्या कॅथलिक पंथाच्या खुणा पुसण्याच्या भरात विद्यापीठाचे ग्रंथालय रिकामे केले. १५५६ मध्ये उरलेले लाकडी मेज-कपाटही विकले गेले. ही छाटणी नव्हे, नासधूस होती. थॉमस बॉडली यांनी स्वतःच्या पैशाने तेच ग्रंथालय उभे करून १६०२ मध्ये पुन्हा उघडले. लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या कंपनीशी त्यांनी १६१० मध्ये करार केला आणि छापलेल्या नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला मिळू लागली. बॉडलींना नाटकांची छापील पुस्तके मात्र क्षुल्लक वाटत. अशा मालाने ग्रंथालयाची अब्रू जाईल, असे त्यांनी आपल्या ग्रंथपालाला कळवले होते.

याच ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह आला, बांधला गेला आणि साखळीला लागला. १६६४ मध्ये त्याच संग्रहाची तिसरी आवृत्ती सात नाटके जास्त घालून निघाली. नवी आणि अधिक भरलेली आवृत्ती हाती आल्यावर जुनी कशाला ठेवायची, असा विचार झाला असावा. जुनी प्रत ग्रंथालयाबाहेर गेली. १९०५ मध्ये ग्लॅडविन टर्बट नावाचा विद्यार्थी घरचे एक जुने पुस्तक, त्याच्या बांधणीबद्दल सल्ला हवा म्हणून, बॉडलींच्या या ग्रंथालयात, म्हणजे बॉडलियनमध्ये, घेऊन आला. बांधणी पाहून तिथल्या मंडळींच्या लक्षात आले की ही ग्रंथालयाचीच हरवलेली प्रत आहे. अमेरिकन संग्राहक हेन्री फोल्जर यांनी तिच्यासाठी ३,००० पौंड देऊ केले होते. तेवढीच रक्कम लोकवर्गणीतून उभी करून ऑक्सफर्डने १९०६ मध्ये आपलेच पुस्तक परत विकत घेतले.

या प्रतीतली सर्वांत झिजलेली पाने ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची आहेत. साखळीला बांधलेल्या त्या ग्रंथाकडे सतराव्या शतकातले विद्यार्थी पुन्हा पुन्हा येत होते, याचा पुरावा कागदावरच होता. ज्यांनी प्रत काढली त्यांनी आवृत्तीचा क्रम पाहिला, पानांची झीज पाहिली नाही. छाटणीच्या इतिहासातली ही चूक पुढे वेगवेगळ्या रूपांत परत परत भेटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकन महाविद्यालयांत ग्रंथपाल हे स्वतंत्र पद क्वचितच असे. एखाद्या प्राध्यापकाने शिकवण्याबरोबर ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि ठरलेल्या मोजक्या वेळी दार उघडायचे, अशी रीत होती. आजच्या भाषेत बोलायचे तर ग्रंथपाल हाच अर्धवेळ कर्मचारी होता. रॉचेस्टर विद्यापीठाचे ओटिस रॉबिन्सन हे गणिताचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल दोन्ही होते. विद्यार्थ्याला ग्रंथ वापरायला शिकवणे हे ग्रंथपालाचे काम आहे, असे त्यांनी १८७६ मध्येच आग्रहाने मांडले. त्याच वर्षी फिलाडेल्फियात अमेरिकन ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली. तिथे वूस्टर गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सॅम्युएल ग्रीन यांनी आपला निबंध सादर केला. त्यांचे म्हणणे साधे होते. वाचक संकोची असतो, त्याला आपला प्रश्न नीट मांडता येत नाही, तेव्हा कोणीतरी आपुलकीने त्याच्याशी बोलून त्याला काय हवे ते समजून घेतले पाहिजे. संदर्भसेवेचा इतिहास सामान्यतः या निबंधापासून सांगितला जातो.

मेल्विल ड्यूई १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपाल झाले. त्यांनी तिथे वाचकांना मदत करण्यासाठी वेगळे सहायक नेमले, ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या आणि वेलस्ली महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या सहा तरुणींना कामावर घेतले. १८८७ च्या जानेवारीत त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पहिली शाळा उघडली. पहिल्या २० विद्यार्थ्यांपैकी १७ स्त्रिया होत्या, आणि स्त्रियांना प्रवेश देण्यावरून महाविद्यालयाच्या विश्वस्तांशी ड्यूईंचे बिनसले. शिकता शिकता ग्रंथालयात काम करणारा विद्यार्थी ही व्यवस्था तेव्हापासून रुजत गेली. १९३५ मध्ये मंदीच्या काळात अमेरिकी सरकारने तरुणांसाठी काढलेल्या योजनेत हजारो विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामे मिळाली, त्यांतली बरीच ग्रंथालयांतली होती. १९६४ च्या कायद्याने शिक्षण आणि काम यांची सांगड कायमची घातली. तेव्हापासून विद्यापीठ ग्रंथालयाच्या टेबलाशी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी भेटणारा चेहरा पुष्कळदा विद्यार्थ्याचाच असतो.

छाटणीचा उघड वाद १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी पेटला. तिथल्या ग्रंथालयाचे विश्वस्त चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यांनी सुचवले की छोट्या गावाच्या ग्रंथालयाने वाढत जाण्यापेक्षा नको असलेले ग्रंथ काढून आटोपशीर राहावे. आज लागत नाही ते उद्या लागणार नाही हे कोण सांगेल, असा विरोधकांचा सवाल होता. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांनी १९०२ मध्ये हाच प्रश्न विद्यापीठात आणला. वापरातले ग्रंथ आणि वापरात नसलेले ग्रंथ वेगळे करावेत आणि दुसऱ्या प्रकारचे ग्रंथ स्वस्त जागेत, अनेक ग्रंथालयांनी मिळून ठेवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. संशोधक रॅकसमोर उभा राहून शेजारशेजारची पुस्तके चाळतो आणि त्यातूनच त्याला अनपेक्षित काही सापडते, ही वाट बंद होईल, असे विद्वानांना वाटले. ते खरेही होते. एलियट यांची सूचना तेव्हा मागे पडली आणि १९१५ मध्ये हार्वर्डने वायडनर हे प्रचंड ग्रंथालय बांधले. तेही भरत गेले. अखेर १९४२ मध्ये बॉस्टन परिसरातल्या ग्रंथालयांनी मिळून सामायिक ग्रंथकोठार उघडले. एलियट यांची कल्पना चाळीस वर्षांनी खरी ठरली.

दोन वर्षांनी वेस्लियन विद्यापीठाचे ग्रंथपाल फ्रेमाँट रायडर यांनी एक गणित मांडून सगळ्यांची झोप उडवली. अमेरिकन विद्यापीठांची ग्रंथालये साधारण सोळा वर्षांत दुप्पट होतात, असे त्यांना आढळले होते. हाच वेग राहिला तर २०४० साली येल विद्यापीठाकडे २० कोटी ग्रंथ असतील आणि त्यांना सहा हजार मैलांहून लांब फळ्या लागतील. हा वेग टिकला नाही, आणि त्यांनी सुचवलेला सूक्ष्मछायाचित्रांच्या पत्रांचा उपायही चालला नाही. पण आकड्याने भीती बसली. १९४९ मध्ये शिकागोत मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांनी एकत्र केंद्र काढले. क्वचित लागणारे ग्रंथ तिथे पाठवायचे आणि गरज पडली की मागवायचे.

काय पाठवायचे, हे ठरवायला मोजमाप हवे होते. शिकागो विद्यापीठाचे हर्मन फुसलर आणि ज्युलियन सायमन यांनी १९६१ मध्ये दाखवले की पुस्तक पूर्वी किती वापरले गेले, यावरून पुढे किती वापरले जाईल याचा सर्वांत चांगला अंदाज येतो. १९६९ मध्ये रिचर्ड ट्रूजवेल यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: देवघेवीतला सुमारे ८० टक्के व्यवहार सुमारे २० टक्के पुस्तकांवर चालतो. स्टॅन्ली स्लोट यांनी पुढे एक सोपी युक्ती पक्की केली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या तारीखचिठ्ठीवरचे दोन शिक्के पाहायचे आणि पुस्तक फळीवर किती काळ पडून होते ते मोजायचे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ च्या अहवालाने तर खळबळ उडाली. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती.

ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये विद्यापीठ अनुदान समितीच्या अॅटकिन्सन अहवालाने त्याहून पुढची पायरी गाठली. ग्रंथालय एका आकारापर्यंत पोहोचले की जेवढी पुस्तके आत येतील तेवढी बाहेर जावीत, अशी ती कल्पना होती. प्राध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी तिच्याविरुद्ध बराच आवाज उठवला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेक्सास राज्य ग्रंथालयाने जोसेफ सेगल यांची छाटणीची मार्गदर्शिका काढली. ती लहान सार्वजनिक ग्रंथालयांसाठी होती, पण महाविद्यालयांनीही उचलली. तिच्यातल्या कसोट्या आजही पाठ केल्या जातात: दिशाभूल करणारे, जीर्ण, नव्या आवृत्तीने मागे टाकलेले, उथळ, संग्रहाशी संबंध नसलेले. पुढच्या आवृत्त्यांत आणखी एक भर पडली: इतरत्र सहज मिळणारे. विषयागणिक किती वर्षांचे जुने आणि किती वर्षे न वापरलेले पुस्तक काढायचे, याचे तक्ते तिच्यात होते. प्रशिक्षण नसलेल्या अर्धवेळ सहायकाच्या हाती असा तक्ता दिला की काम सुरू होई. म्हणूनच ती एवढी पसरली.

तारीखचिठ्ठीचा हिशेब मात्र अपुरा आहे. संदर्भग्रंथ घरी दिला जात नाही, त्यामुळे त्यावर शिक्का उमटत नाही. उभ्या उभ्या कोश उघडून एक ओळ लिहून घेणारा विद्यार्थी, टेबलावर चार खंड पसरून बसलेली संशोधक, प्रश्नाचे उत्तर शोधताना सहायकाने स्वतः चाळलेली जुनी वार्षिके, यांची नोंद कुठेच होत नाही. ती असते फक्त त्या टेबलाशी बसणाऱ्याच्या डोक्यात. कोणत्या प्रश्नाला कोणते पुस्तक कामी आले आणि कोणते नव्याकोऱ्या बांधणीचे पुस्तक दर वेळी निरुपयोगी ठरले, हे त्यालाच ठाऊक असते. संदर्भसेवा आणि छाटणी एका हाती असणे ही काटकसरीने आलेली सोय असली, तरी कामाच्या दृष्टीने तीच योग्य व्यवस्था आहे. विद्यापीठांनी १९९० नंतर संदर्भाची टेबले कमी करायला सुरुवात केली. प्रश्नांची संख्या घटली, कारण उत्तरे संगणकावर मिळू लागली. त्याबरोबर पुस्तकांची ही तोंडी माहितीही घटली आणि छाटणीच्या याद्या संगणकातल्या देवघेवीच्या आकड्यांवरून निघू लागल्या.

भारतात या गोष्टी वेगळ्या वळणाने आल्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभी केली आणि ग्रंथपालनाचे वर्ग सुरू केले. १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी विद्यापीठातले पहिले प्रशिक्षण चालवले. मद्रासमध्ये १९२४ च्या जानेवारीत शियाळी रामामृत रंगनाथन विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. रॉबिन्सन यांच्याप्रमाणे तेही गणिताचे शिक्षक होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना ग्रंथालयाची शांतता असह्य झाली आणि त्यांनी परत शिकवायला पाठवण्याची विनंती केली. लंडनला जाऊन आल्यावर त्यांचे मत पालटले. कुलपांतली पुस्तके त्यांनी मुक्तद्वार केली आणि वाचकाला हाताला धरून फळीपर्यंत नेणारे संदर्भ ग्रंथपाल नेमले. त्यांचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा त्यांतला पाचवा. या सिद्धांताचा अर्थ साठवत राहा असा घेतला जातो, पण वाढत्या देहात जुन्या पेशी जातात आणि नव्या येतात, हाही अर्थ त्यात आहे.

छाटणीला खरा अडथळा जमाखर्चाचा होता. सरकारी हिशेबात पुस्तक म्हणजे खुर्ची-टेबलासारखी मालमत्ता. पडताळणीत एक पुस्तक कमी भरले तर वसुली ग्रंथपालाच्या पगारातून होईल, ही धास्ती. मग मुक्तद्वार कोण ठेवणार, आणि पुस्तक बाद करण्याचा धोका कोण पत्करणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने महाविद्यालयीन ग्रंथालयांचे प्रश्न प्रथमच एकत्र मांडले. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने वापरल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे तीन ग्रंथांची हानी क्षम्य मानली. २००५ च्या वित्तीय नियमांत हा आकडा पाचवर गेला. मात्र हजार रुपयांवरील किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक हरवले तर चौकशी होतेच. पडताळणीही संग्रहाच्या आकाराप्रमाणे ठरवून दिली आहे. २० हजारांपर्यंत दरवर्षी, ५० हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्यापुढे नमुना पद्धतीने. भारतातली बहुतेक छाटणी या पडताळणीच्या निमित्ताने होते, वाचकांच्या गरजेच्या निमित्ताने नव्हे.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत रॅक भरतात ते प्रामुख्याने क्रमिक पुस्तकांनी. अभ्यासक्रम बदलला की ग्रंथपेढीतल्या एकाच पुस्तकाच्या वीस-तीस प्रती एका वर्षात निरुपयोगी होतात. त्या काढायला कोणाची हरकत नसते. यादी होते, विषयप्रमुख सही करतात, ग्रंथालय समिती ठराव करते, प्राचार्य मंजुरी देतात, नोंदवहीत ठराव क्रमांक लिहिला जातो, पुस्तकावर शिक्का बसतो आणि गठ्ठे रद्दीत जातात. हे गठ्ठे बांधणारे हात पुष्कळदा ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलामुलींचे असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमातून शिक्षणाचा जो मार्ग घालून दिला, त्यावरूनच ही योजना विद्यापीठांत आली आणि तिने ग्रंथालयांना मोठा हातभार लावला. तासावर मानधन घेणाऱ्या या विद्यार्थ्याला कोणते पुस्तक कशासाठी काढले जाते, हे सांगितले तर तो चांगला छाटणीकार होतो. न सांगितले तर तो हमाल राहतो.

इंग्लंड-अमेरिकेने अलीकडे सहकाराची वाट धरली आहे. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये सुरू झालेल्या संयुक्त योजनेत जुन्या नियतकालिकांच्या निदान तीन प्रती देशात राखायच्या, एक ब्रिटिश लायब्ररीत आणि दोन सदस्य ग्रंथालयांत, असे ठरले. बाकीच्यांनी आपले खंड मोकळ्या मनाने काढावेत. अशी दक्षता का हवी, हे एका कडू अनुभवाने आधीच दाखवले होते. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या सार्वजनिक ग्रंथालयात जाताना दोन लाखांहून अधिक पुस्तके कचराभूमीत गेली, असा आरोप लेखक निकल्सन बेकर यांनी केला आणि अमेरिकाभर वाद झाला. शेवटची प्रत कोणाकडे आहे हे माहीत असल्याशिवाय छाटणी करू नये, हा धडा त्यातून पक्का झाला.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा धडा अधिक कडक लागू पडतो. प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत देण्याचा कायदा भारतात १९५४ मध्ये झाला. त्याआधीच्या मराठी पुस्तकांची अशी हमी नव्हती. पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या, अमरावतीतल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या वरच्या फळीवर पडलेले, ३० वर्षांत कोणी न मागितलेले, कसर लागलेले पुस्तक हे कदाचित उरलेल्या दोन-चार प्रतींपैकी एक असेल. कसोट्यांच्या तक्त्यात ते पहिल्या फेरीतच बाद ठरते: जीर्ण, जुने, न वापरलेले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची चिकाटीने तयार करून ठेवली आहे. देशातल्या विद्यापीठ ग्रंथालयांची एकत्रित तालिका गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने संगणकावर उपलब्ध केली आहे. महाविद्यालयांच्या ग्रंथालय समित्यांनी १९५४ पूर्वीच्या प्रत्येक मराठी पुस्तकापुरती एवढी तपासणी सक्तीची करावी. दोन ठिकाणी पाहायला दहा मिनिटे लागतात, आणि ती शिक्का मारण्यापूर्वी खर्च करायची असतात.